बाळाच्या मानेवरचं घामोळं

अकोल्याचा मे महिना, पारा ४४ अंशांच्या वर आणि लेक चार महिन्यांची. मानेच्या वळ्यांत आणि पाठीवर बारीक लाल पुरळ उठलं. दूध पितानाही ती मान घासत राहायची.

डॉक्टरांनी समजावलं, घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की घाम त्वचेखालीच अडकतो, तेच घामोळं. म्हणजे अंग थंड आणि कोरडं ठेवणं हाच उपाय. उन्हाळ्यापुरती तेलाची मालिश थांबवली. पावडरही बंद, कारण तिची भुकटी बाळाच्या श्वासात जाते. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. मग मानेत घामाने झालेले पावडरचे चिकट गोळे त्यांनीच पाहिले आणि डबा स्वतः उचलून ठेवला.

अंघोळ दोन्ही वेळा, साबण एकदाच. खरं काम पुसण्यात आहे. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने मानेची एकेक वळी उघडून टिपायची, घासायची नाही. दुधाचा ओघळही तिथेच साचतो, तो ओल्या कापडाने काढायचा. मग थोडा वेळ डायपरशिवाय उघडं ठेवायचं, अंगात सैल मलमलचं झबलं. कूलर लावला, पण खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत दमटपणा वाढतो आणि घाम वाळतच नाही. वरचं पाणी दिलं नाही. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध पुरतं, फक्त जास्त वेळा पाजलं.

पाठ लवकर साफ झाली, मान जरा उशिरा. पुरळात पू दिसला, ताप आला किंवा बाळ दूध पिईना, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.