क्यूएफएन चिप घरच्या बोर्डावर: आयर्न तापवण्याआधी

घरी बनवलेल्या सर्किट बोर्डावर क्यूएफएन चिप सोल्डर करायची, तर आधी हे लक्षात घ्या: तिला पाय नसतात. पोटाखाली, कडेकडेने साधारण ०.५ मिमी अंतरावर चपटे पॅड (सोल्डर धरणारे धातूचे ठिपके) आणि मधोमध एक मोठा पॅड. त्यामुळे तयारी लेआउटपासूनच, म्हणजे बोर्डाचा आराखडा काढतानाच, धरायची. बोर्डावरचे कडेचे पॅड चिपच्या बाहेर निदान अर्धा मिलिमीटर येतील एवढे लांब काढा, नाहीतर सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवणार कुठे? शेजारचे दोन पॅड जोडायचे असतील तर चिपपासून लांब नेऊन जोडा. घरच्या बोर्डाला सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक थर) नसतो, त्यामुळे तो जोड भिंगाखाली शॉर्टसारखाच दिसतो. मी एकदा असा ‘शॉर्ट’ काढत अर्धा तास घालवला आहे.

खरी डोकेदुखी मधला पॅड. बहुतेक चिपमध्ये ग्राउंड तोच आणि उष्णताही तिथूनच बाहेर पडते. आपल्याकडे प्लेटेड (आतून तांब्याचा मुलामा दिलेली) भोकं नाहीत, म्हणून त्या पॅडच्या मधोमध २ मिमीचं सरळ भोक पाडा. चिप बसली की पाठीमागून त्यातूनच सोल्डर भरता येतं. भोकाच्या काठावर उभी राहिलेली तांब्याची कोर मात्र घासून सपाट करा, नाहीतर चिप डुगडुगते. हॉट एअर (गरम हवेचं सोल्डरिंग यंत्र) असेल तरी भोक ठेवाच. मधे सोल्डर जास्त झालं की चिप तरंगते आणि कडेचे पॅड अधांतरी राहतात; भोक असलं तर जादा सोल्डरला उतरायला वाट मिळते.

तांबं बारीक स्टील वुलने उजळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग बोट लावू नका. पॅडवर सोल्डरचा पातळ, सारखा थर चढवा. उंचवटे विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) ओढून घ्या. सोल्डर ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) बरं, १८३ अंशांना वितळतं. शिसंविरहित २१७च्या पुढे जातं. जेल फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं द्रव्य) सढळ हाताने लावा. सोल्डर पेस्ट वापरणार असाल आणि ती फ्रिजमधली असेल तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडा, नाहीतर दव धरतं. चिमटा, भिंग, पंखा हाताशी ठेवा. एक नंबरच्या पॅडची खूण बोर्डावर आधीच करा.

मल्टिमीटर डायोड मोडवर लावून ठेवा. वीज न देता लाल टोक ग्राउंडला, काळं एकेका ट्रॅकला. बहुतेक सिग्नल पिनांवर आतल्या संरक्षक डायोडमुळे ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसतात. जिथे काहीच दिसत नाही, तिथे पुन्हा फ्लक्स लावून आयर्न टेकवायचं.