एमपीएचसाठी संस्था कशी निवडावी: अर्ज भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

महाराष्ट्रात एमपीएचकडे, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीकडे, वळणाऱ्यांत बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेले डॉक्टर बरेच असतात. त्यांच्याच वर्गात नर्सिंग, फिजिओथेरपी, सूक्ष्मजीवशास्त्र, समाजकार्य शिकून आलेली मुलं-मुलीही बसतात. दोन वर्षांनी सगळ्यांच्या हातात पदवी एकच पडते, पण पुढची दारं सगळ्यांना सारखी उघडत नाहीत. ही गोष्ट माहितीपत्रकात कुणी छापत नाही, आणि मग दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नोकरीची जाहिरात वाचताना ती कळते. म्हणून संस्थांची यादी करण्याच्या आधी एक काम करा.

पायरी १: आधी नोकरीच्या जाहिराती वाचा

राष्ट्रीय आरोग्य अभियान, जिल्हा परिषदा, महापालिका, संशोधन संस्था आणि आरोग्यात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था यांच्या गेल्या वर्षभरातल्या जाहिराती गोळा करा. एका वहीत पद, मूळ पदवीची अट, पदव्युत्तर पदवीची अट, अनुभव, मानधन आणि कराराची मुदत असे रकाने आखा.

भरायला घेतलं की चित्र स्पष्ट होतं. अभियानाच्या जाहिरातीत साथरोगतज्ज्ञाच्या पदासाठी 'कोणताही वैद्यकीय पदवीधर' आणि त्यावर एमपीएच, एमएचए (रुग्णालय प्रशासनाची पदवी) किंवा आरोग्य व्यवस्थापनातलं एमबीए, अशी अट अनेकदा असते. म्हणजे बी.एस्सी. झालेल्या मुलीनं देशातल्या उत्तमात उत्तम संस्थेतून एमपीएच केलं, तरी त्या पदाला तिचा अर्ज चालत नाही. उलट कार्यक्रम व्यवस्थापन, संनियंत्रण व मूल्यमापन, आरोग्य संशोधन, पोषण, आरोग्य विमा या बाजूंना मूळ पदवीची अट बरीच सैल असते. तुमची मूळ पदवी कोणत्या रकान्यात बसते ते पाहा आणि त्या बाजूला नेणारी संस्था शोधा.

बहुतेक पदं अकरा महिन्यांच्या करारावरची असतात, हेही डोळे उघडे ठेवून पाहा. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांमध्ये सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं वेगळं केडर, म्हणजे अधिकाऱ्यांची स्वतंत्र सेवा, असावी असं म्हटलं आणि २०२२मध्ये केंद्रानं त्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण अंमलबजावणी राज्यांच्या हातात आहे. एखादी संस्था या केडरचा दाखला देऊन पक्क्या सरकारी नोकरीचं स्वप्न दाखवत असेल, तर तिच्या कुठल्या विद्यार्थ्याला ती नोकरी मिळाली ते विचारा.

पायरी २: पदवीचं नाव आणि मान्यता नीट वाचा

एमपीएच आणि एमएचए या वेगळ्या वाटा आहेत. एमएचए म्हणजे रुग्णालय चालवण्याचं शिक्षण: खाटा, खरेदी, बिलं, मनुष्यबळ. एमपीएचमध्ये लोकसंख्येचं आरोग्य मोजायचं आणि सुधारायचं असतं. सामुदायिक वैद्यकशास्त्रातली एमडी ही तिसरीच गोष्ट. ती फक्त एमबीबीएस झालेल्यांसाठी असते आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांखाली येते. एमपीएचसाठी अशी स्वतंत्र परिषद नाही. त्यामुळे पदवी देणारं विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, आणि अभ्यासक्रम प्रत्यक्षात चालतो ते केंद्र अधिकृत आहे का, हे तुम्हालाच पाहावं लागतं. घरबसल्या पदवी देणाऱ्यांच्या बाबतीत आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षासाठी आहे का, ते तपासा.

पायरी ३: संस्थेचा पिंड ओळखा

प्रत्येक जुन्या संस्थेचं स्वतःचं वळण असतं. क्रमवारीच्या आकड्यात ते दिसत नाही.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र १९९७पासून एमपीएच शिकवतंय. भारतात या पदवीची सुरुवात तिथूनच झाली. संशोधनाची शिस्त हवी असेल त्यांच्यासाठी ते ठिकाण. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ची, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं उभी राहिलेली. सरकारी आरोग्ययंत्रणेचं शिक्षण हा तिचा जुना वारसा. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. साथ आली की घरोघरी जाऊन तपास करायचा, ही तिची ओळख, आणि तिचा अभ्यासक्रम प्रामुख्यानं आरोग्यसेवेत आधीपासून काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला. दिल्लीत जेएनयूचं सामाजिक वैद्यक केंद्र आरोग्याकडे राजकारण, जात, मजुरी यांच्या अंगानं पाहतं. चंडीगडच्या पीजीआयमध्ये मोठ्या रुग्णालयाचा आणि सामुदायिक वैद्यक विभागाचा आधार मिळतो. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था २००६मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक हेल्थ फाउंडेशनच्या कुळातली, आता गुजरातच्या कायद्यानुसार स्वतंत्र विद्यापीठ.

आपल्याकडे मुंबईत देवनारला दोन संस्था अगदी शेजारी आहेत आणि विद्यार्थी त्यांची सर्रास गल्लत करतात. टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमपीएच सामाजिक साथरोगशास्त्राच्या किंवा आरोग्य धोरण, अर्थशास्त्र व वित्त यांच्या अंगानं शिकवलं जात आलं आहे. प्रवेशाची सुरुवात सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेपासून होते. शेजारची आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, १९५६ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते, पहिल्या म्हणजे १९९२-९३च्या फेरीपासून. तिथली पदवी लोकसंख्याशास्त्राची किंवा जैवसांख्यिकी व लोकसंख्याशास्त्राची असते. आकड्यांची आवड असेल, तर एमपीएचचा हट्ट सोडून या दारावर जरूर जा. सर्वेक्षणाचा कच्चा डेटा हाताळता येणाऱ्या माणसाला या क्षेत्रात काम कमी पडत नाही.

पायरी ४: फील्डवर्क कुठे होतं ते खोदून विचारा

माझ्या मते निवडीचा निम्म्याहून जास्त भार या एका गोष्टीवर टाकावा. साथरोगशास्त्राची पुस्तकं सगळीकडे तीच आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीतला आकडा आणि गावातला खरा आकडा यांत फरक का पडतो, हे मात्र आशाताईबरोबर घरं फिरल्याशिवाय समजत नाही. लसीकरणाच्या दिवशी कुठल्या वस्तीतली आई येत नाही, ती ऊसतोडीला गेलेली असते की तिला कुणी निरोपच दिलेला नसतो, हे ज्यानं एकदा स्वतः शोधलं त्याला आरोग्यव्यवस्था हा विषय पुन्हा शिकवावा लागत नाही.

संस्थेला ईमेल करून तीन याद्या मागा: मागच्या तुकडीचे विद्यार्थी इंटर्नशिपला कुठे गेले, त्यांच्या प्रबंधांचे विषय काय होते, आणि प्रत्येकाचा मार्गदर्शक कोण होता. चांगली संस्था या याद्या अभिमानानं पाठवते. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

प्रबंधांचे विषय वाचताना एक गोष्ट शोधा. निम्मे प्रबंध 'अमुक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांमध्ये तमुक विषयाबाबत जागरूकता' अशा धाटणीचे असतील, तर त्या विद्यार्थ्यांना कॅम्पसच्या बाहेर पडायला वेळ, पैसा किंवा मार्गदर्शन मिळालेलं नाही. मेळघाट, नंदुरबार, एखादी महापालिकेची वस्ती, एखाद्या तालुक्यातलं क्षयरोग केंद्र, असे पत्ते दिसले की समजावं इथे काम होतं.

मग नीतिमत्ता समितीबद्दल विचारा. माणसांवरच्या कुठल्याही अभ्यासाला तिची परवानगी लागते, आणि समिती वर्षातून दोनदाच बसत असेल तर तुमच्या प्रबंधाचे महिनेच्या महिने त्यात जातात. मग माहिती गोळा करायला दोन-तीन आठवडे उरतात आणि विषय आपोआप लहान होतो. समितीच्या बैठका कधी होतात हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी फारसं कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

भाषेचाही विचार करा. केरळात किंवा तमिळनाडूत मुलाखती घ्यायच्या तर दुभाषी लागेल. पण केरळची आरोग्ययंत्रणा आतून पाहायला मिळणं हीही मोठी कमाई आहे. तिकडे शिकून प्रबंध स्वतःच्या जिल्ह्यात करू देतात का, ते विचारा. तशी मुभा असेल तर दोन्ही साधतं.

पायरी ५: शिकवणार कोण?

पूर्णवेळ शिक्षक किती आणि पाहुणे किती, हे संकेतस्थळावरून मोजा. पाहुण्यांची व्याख्यानं छान असतात, पण तुमच्या प्रबंधाचा मसुदा तिसऱ्यांदा वाचायला पाहुणा येत नाही. जैवसांख्यिकीला स्वतंत्र, पूर्णवेळ शिक्षक नसेल तर मी त्या संस्थेवर काट मारेन. आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअरं प्रत्यक्ष संगणकावर बसवून शिकवतात की फळ्यावर सूत्रं लिहून देतात, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाच विचारा. माजी विद्यार्थी लिंक्डइनवर सहज सापडतात. ते आज काय काम करतात, पहिली नोकरी मिळायला किती वेळ लागला, आणि पुन्हा निवडायचं झालं तर हीच संस्था निवडतील का, एवढं विचारलं तरी पुरे. बहुतेक जण मोकळेपणानं सांगतात.

पायरी ६: परदेशात जायचं असेल तर

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय उभं करणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर तिथे शिकल्या. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथून एमपीएच करून आले आणि १९७०मध्ये त्यांनी जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४मध्ये तिथूनच एमपीएच केलं. हे वाचून हॉपकिन्सचा फॉर्म भरायला घेण्याआधी त्यांचा क्रम लक्षात घ्या. आरोळे दांपत्य अमेरिकेला जाण्याआधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करत होतं. बंग दांपत्य आधी वर्धा जिल्ह्यातल्या गावांत होतं. प्रश्न त्यांच्याकडे आधीच होते. मोजण्याची विद्या शिकायला ते तिकडे गेले. गडचिरोलीत बंगांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना असा अभ्यास उभा केला. १९९९मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं जगाला दिसलं. वर्गात शिकलेलं साथरोगशास्त्र असं कामाला लागतं.

म्हणून परदेशी जाण्याआधी दोनेक वर्षं इथे काम करा, असं मी आग्रहानं सांगेन. त्याचा व्यावहारिक फायदाही आहे. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतोच.

अमेरिकेत संस्थेला सीईपीएच या सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेची मान्यता आहे का ते पाहा. त्या मान्यतेत एमपीएच किमान ४२ क्रेडिटचं असावं लागतं. बरेच अर्ज सोफास या एकाच संकेतस्थळावरून भरता येतात. आणि प्रवेशपत्रावर अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (अमेरिकेतला विषयवार वर्गीकरणाचा क्रमांक) कोणता येणार, हे लेखी विचारा. जैवसांख्यिकी आणि साथरोगशास्त्र हे कोड तिथल्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत, सर्वसाधारण पब्लिक हेल्थचा ५१.२२०१ हा कोड नाही. शिक्षणानंतर १२ महिने कामाची परवानगी मिळते. त्यावर २४ महिन्यांची वाढ फक्त स्टेमवाल्यांना. कर्ज काढून जाणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. ब्रिटनमध्ये अशा पदव्या साधारण वर्षभरात पुऱ्या होतात, राहण्याचा खर्च तेवढा वाचतो. पण वर्षभरात फील्डवर्कला कितीसा वेळ मिळणार, हेही मनात धरा.

पायरी ७: पैशांचा हिशेब कागदावर मांडा

फी, वसतिगृह, खानावळ, फील्डवर्कचा प्रवास आणि दोन वर्षं बुडणारा पगार, असं सगळं एकत्र लिहा. फील्डवर्कचा खर्च संस्था देते की विद्यार्थी, हे आधीच विचारून घ्या. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासक्रम महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर दिसतो का ते स्वतः पाहावं; राज्याबाहेरच्या आणि खाजगी विद्यापीठांच्या बाबतीत तर नक्कीच. कर्ज घ्यायचं असेल तर पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत संस्था आहे का, हे बँकेत जाण्याआधी बघा. यादीत असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही.

परदेशासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिची पात्रता जगातल्या विद्यापीठांच्या क्यूएस क्रमवारीशी बांधलेली असते, तेव्हा त्या वर्षीची मर्यादा वाचूनच विद्यापीठांची यादी करा. इथे क्रमवारीला खरोखर महत्त्व आहे. १८९२पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत कर्जाच्या रूपात असते, हे लक्षात ठेवून अर्ज करा.

पायरी ८: प्रवेश घेताना

दोन किंवा तीन संस्था उरल्या की शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष जाऊन या. ग्रंथालयात जुने प्रबंध मागा आणि एक तरी चाळा. पद्धतीचं प्रकरण वाचलं की मार्गदर्शनाचा दर्जा कळतो.

पहिल्या यादीत मनाजोगं नाव लागलं नाही म्हणून घाईनं दुसरीकडे पैसे भरणारे पुष्कळ असतात. भरायला हरकत नाही, पण नियम माहीत असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या सूचनेप्रमाणे संस्थेला तुमची मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते. प्रक्रियाशुल्क म्हणून ५ टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. त्यानंतर परताव्याचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं घटतं आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. त्यामुळे फी भरताना ती अंतिम तारीख विचारून घ्या, पावती जपून ठेवा आणि रद्द करायचं झालं तर अर्ज लेखीच द्या.