घरच्या लेथसाठी बिडाची फेसप्लेट

फेसप्लेट म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, चढवायची खाचांची सपाट चकती; कातायचे काम तिला बोल्टने आवळतात. तिच्यासाठी बिडाची जाड चकती घ्यावी, कारण बीड कंप शोषून घेते. मुंबईकरांनी ती दारूखाना भागातल्या भंगारात शोधावी. आधी स्पिंडलच्या नाकाची, म्हणजे आटे असलेल्या पुढच्या टोकाची, मापे घेऊन त्याचा हुबेहूब नमुना कातून ठेवावा, कारण चकती स्पिंडलवरच बसलेल्या चकमध्ये, म्हणजे पकडीच्या जबड्यांत, धरून आतले आटे पाडताना स्पिंडल मोकळा नसतो आणि ती मध्येच सोडून पाहिली तर केंद्र हुकते. प्लेटची खरी बैठक आट्यांवर नव्हे, तर त्यांच्या मागच्या गुळगुळीत गोलाईवर आणि खांद्यावर ठरते. माझ्या मते सगळा वेळ इथेच द्यावा. नमुना चकतीच्या आट्यांत फिरवताना शेवटच्या वेढ्याला हाताला किंचित घट्टपणा जाणवावा, खडखड मुळीच नसावी.

बीड तेलाविना कोरडेच कापावे. 150 मिमी व्यासाला हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला सुमारे 50 फेरे पुरतात. काळी भुकटी लेथचा बेड, म्हणजे टूल ज्यावर सरकते तो पाया, झिजवते, म्हणून तो जाड कागदाने झाकावा.

बोल्टच्या खाचा भोकांची रांग पाडून कानशीने साफ कराव्यात. त्यानंतरच प्लेट तिच्या कायमच्या स्पिंडलवर चढवून दर्शनी बाजूचे शेवटचे फेसिंग, म्हणजे सपाट कातणे, करावे. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत बीड लगेच गंजते, तेव्हा तेलाचा हात फिरवूनच ती ठेवावी.