डक्टमध्ये फायबर केबल ब्लो करायची तर आधी डक्ट बघा

फायबरच्या कामाला नवीन लागलेली आपली मुलं पहिला प्रश्न ब्लोइंगच्या, म्हणजे हवेच्या जोरावर केबल पुढे न्यायच्या मशीनचाच विचारतात, कोणती घ्यायची, कॉम्प्रेसर केवढा. अरे मशीन नंतर, आधी डक्ट, म्हणजे केबलसाठी जमिनीत टाकलेला पाइप बघा! केबल अडकते ती बहुतेक वेळा डक्टमुळेच, आणि इंदूरची काळी माती तर पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात डक्ट सरळ राहत नाही, बारीक लाटा पडतात आणि प्रत्येक लाटेवर केबल घासते.

हवा नेमकं काय करते ते एकदा समजून घ्या. दोरीने ओढली की सगळा ताण पुढच्या टोकावर येतो आणि प्रत्येक वळणाला तो पटीने वाढतो, म्हणून चार वळणं आली की ओढणं संपलंच. ब्लोइंगमध्ये हवा केबलपेक्षा कितीतरी जोरात पुढे पळते आणि केबलला आख्ख्या लांबीभर सोबत नेते, मागून मशीनचे पट्टे ढकलत असतात ते वेगळं. त्यामुळे लांबचं टोक उघडंच पाहिजे, हवा वाहिलीच नाही तर नुसतं प्रेशर भरून उपयोग नाही.

आपल्याकडे जास्त करून 40/33 चा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) डक्ट असतो, बाहेरून 40 आणि आतून 33 मिमी, आत सिलिकॉनचा गुळगुळीत थर. आधी त्यात हवेने स्पंज मारा, पाणी आणि गाळ निघून जाईल, गाळ येत राहिला तर परत मारा, स्पंज कोरडा येईपर्यंत. मग शटल, म्हणजे हवेने सोडायचा तपासणीचा ठोकळा, आतल्या मापाच्या साधारण 80 टक्के म्हणजे 26 मिमीच्या आसपास, ते आरपार गेलं म्हणजे डक्ट कुठे चेपलेला नाही. मग दोन्ही टोकं बंद करून 5 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर भरा, तासाभराने गेज बघा, अर्ध्या किलोपेक्षा जास्त पडलं तर कुठेतरी लीक आहे.

ही शेवटची टेस्ट मी एकदा रिंग रोडच्या कामात घाईत सोडून दिली होती. केबल 600 मीटरवर थांबली, आम्ही प्रेशर वाढवत बसलो, काहीच हलेना, शेवटी केबलवरचे मीटरचे आकडे बघून थोडं अलीकडे खोदलं तर एक कपलर, म्हणजे दोन डक्ट जोडणारा सांधा, नीट बसलाच नव्हता आणि सगळी हवा मातीत जात होती. तासाभराच्या टेस्टपायी आख्खा दिवस गेला, वर केबल मागे ओढून परत साफ करावी लागली.

आता मशीन. काम चालू करायच्या आधी क्रॅश टेस्ट करा, म्हणजे केबलच्या तुकड्याला पुढे अडवून ढकलायचा जोर हळूहळू वाढवायचा, केबल कुठे वाकते ते बघायचं आणि सेटिंग त्याच्या खालीच ठेवायचं. ब्लोइंगचं लुब्रिकंट केबल घालायच्या आधी डक्टमध्ये ओता आणि मागून स्पंज मारा, म्हणजे सगळीकडे पसरतं, पण थोडंच, जास्त झालं तर उलट चिकटतं. कॉम्प्रेसरची हवा गरम निघते, त्याने केबलचं आवरण नरम पडून जास्त घासतं, म्हणून कूलर लावाच आणि मे महिन्यात तर पहाटेच काम काढा, पोहे नंतर खा.

प्रेशर 8 ते 10 बार, पण डक्टवर लिहिलेलं आधी वाचून. स्पीड मिनिटाला 50-60 मीटर ठीक आहे, किलोमीटरला वीसेक मिनिटं. स्पीड हळूहळू पडत असेल तर चालेल, एकदम पडला तर लगेच थांबवा, जोर लावू नका. लांबी जास्त असेल तर मधल्या चेंबरपासून (वाटेतल्या झाकणाच्या खड्ड्यापासून) एका बाजूला ब्लो करा, उरलेली केबल ताडपत्रीवर आठाच्या आकड्यात पसरा म्हणजे पीळ बसत नाही, आणि मग दुसऱ्या बाजूला.

लांबच्या टोकाला फोन घेऊन एक माणूस हवाच, पण त्याने डक्टच्या तोंडासमोर चुकूनही उभं राहायचं नाही, शटल गोळीसारखं बाहेर येतं, तिथे जाळी बांधा. चेंबरमध्ये उतरायच्या आधी झाकण उघडून बराच वेळ वारा लागू द्या, आत गॅस साठलेला असतो.

केबल पोचली की चेंबरमध्ये 10-15 मीटरचा लूप सोडा, ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष शोधणारं मशीन) मारून ड्रमवर असताना घेतलेल्या रीडिंगशी जुळवा आणि टोकं प्लगने बंद करा. शेजारच्या रिकाम्या डक्टलाही प्लग लावा, नाहीतर पहिल्या पावसात गाळ भरेल आणि पुढची केबल त्यातच घालायची आहे.