अठ्ठावन्नच्या आधीची तारीख

पंचेचाळिशी ओलांडलेल्या नोकरदाराने निवृत्तीच्या तयारीची सुरुवात गुंतवणुकीपासून करू नये, असे माझे मत आहे. आधी एक साधी वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर दोन तारखा लिहाव्यात. पहिली तारीख वयाची ५८ वर्षे पूर्ण होण्याची. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेनुसार पूर्ण पेन्शन याच वयापासून मिळते आणि अनेक खाजगी कारखान्यांत निवृत्तीचे वयही हेच असते. दुसरी तारीख कोणत्याही दाखल्यावर नसते. सध्याच्या रेट्याने काम चालू राहिले, तर आपले शरीर, आपले मन किंवा आपला कारखाना यांपैकी कोणीतरी एक थांबेल, तो दिवस अंदाजाने पण प्रामाणिकपणे ठरवून लिहावा. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, बावीस वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करतो आहे. माझे वय सत्तेचाळीस आहे आणि दुसऱ्या तारखेपुढे मी ‘वय ५२’ असे लिहिले. पहिली तारीख शाईने लिहिली, दुसरी मात्र पेन्सिलीने.

दुसरे पान खर्चाचे. तीन महिने प्रत्येक खर्च नोंदवावा आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून त्यात मिळवावेत, कारण हिशेब फसतो तो नेमका तिथेच. घरफाळा, गाडीचा विमा, मुलांची फी हे आठवते. परंतु लग्नसराईतले आहेर, तालमीची वर्गणी, गावची म्हाई म्हणजे जत्रा आणि त्या दिवशी जेवायला येणारी पन्नास माणसे हे खर्च कोणी खर्च मानतच नाही. माझ्या घरी हे सगळे धरून महिन्याला ४०,००० रुपये निघाले. मनातला आकडा ३०,००० होता. महागाई वर्षाला ६ टक्के गृहीत धरली, तर ७२ ला ६ ने भागून बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो असे ढोबळमानाने म्हणता येते. म्हणजे आज ४०,००० रुपयांत चालणारे हेच घर माझ्या एकोणसाठाव्या वर्षी ८०,००० मागेल.

या आकड्याशेजारी पेन्शनचा आकडा लिहावा, म्हणजे भ्रम राहत नाही. पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे, असे सूत्र आहे. वीस वर्षे सेवा झालेल्याला दोन वर्षे अधिक धरून मिळतात. वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे, त्यामुळे जादा पेन्शनचा पर्याय न घेतलेल्या माणसाला सर्व सेवा या मर्यादेत झाली असे धरले, तरी पस्तीस वर्षांसाठी ७,५०० रुपयेच मिळतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला मात्र ६,५०० रुपयांची जुनी मर्यादा लागू होते. माझ्यासारख्या २००४ च्या सुमारास लागलेल्याचा हिशेब त्यामुळे महिना सहा हजारांच्या आसपासच थांबतो. पन्नाशीनंतर ही पेन्शन लवकरही घेता येते, परंतु ५८ ला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते.

सेवेची वर्षे कागदावर जुळलेली आहेत की नाहीत, हे लगेच तपासून घ्यावे. पहिल्या नोकरीचे खाते सध्याच्या यूएएनला (भविष्य निर्वाह निधीच्या कायम क्रमांकाला) जोडलेले असावे, जुनी नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली असावी, नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे असावी आणि नामनिर्देशन ऑनलाइन भरलेले असावे. लग्नापूर्वी भरलेल्या कागदावर वारस म्हणून आईचे नाव असते आणि ते बदलायचे राहून जाते, असे मी चार सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. माझी चूक वेगळी होती. उद्यमनगरातल्या पहिल्या नोकरीची चार वर्षांची रक्कम, पेन्शनच्या भागासह, मी लग्नाच्या वेळी काढून घेतली. रक्कम फार मोठी नव्हती, परंतु सेवेची ती चार वर्षे कायमची पुसली गेली. ग्रॅच्युइटीचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज २६ ने भागून १५ ने गुणावी आणि सेवेच्या वर्षांनी गुणावी. ती बेरीज २६,००० असेल, तर वर्षाला १५,००० याप्रमाणे वीस वर्षांचे ३,००,००० रुपये होतात.

यानंतर प्रत्येक बचतीपुढे एकच प्रश्न लिहावा: हा पैसा कोणत्या तारखेला हातात येतो? पीपीएफचे खाते पंधरा वर्षांचे असते; मी आज उघडले, तर ते बासष्टाव्या वर्षी मुदत पूर्ण करील, म्हणजे पहिल्या तारखेनंतर. ज्येष्ठ नागरिक बचत योजना चांगली आहे, तीत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळते, परंतु ती साठीनंतरची आहे. निवृत्त झालेल्याला पंचावन्नाव्या वर्षापासून सवलत आहे, तीही निवृत्तीचा पैसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत गुंतवला तरच. अटल पेन्शन योजनेत चाळिशीनंतर प्रवेशच नाही. दोन तारखांच्या मधली वर्षे या सगळ्या योजनांतून निसटतात, आणि माझ्यासारख्याला खरी भीती त्याच सहा वर्षांची असते. म्हणून निदान वर्षभराचा खर्च बँकेत मुदत ठेवीत असावा आणि दुसऱ्या तारखेला आणखी पाच वर्षे असतील, तर उरलेल्या बचतीचा काही भाग म्युच्युअल फंडात दरमहा जावा. त्याहून लवकर लागणारा पैसा शेअर बाजाराच्या आसपासही ठेवू नये.

बँक आणि पतसंस्था यांतला फरक कोल्हापूरकराने मुद्दाम लिहून ठेवावा, कारण आपल्याकडे प्रत्येक पेठेत पतसंस्था आहे आणि तिथला संचालक बहुधा ओळखीचा असतो. व्यापारी असो वा नागरी सहकारी, बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. तिथे अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळते ते या जोखमीबद्दल, हे समजून मगच ठेवावे, आणि जो पैसा अडीनडीला उद्याच लागू शकतो तो तिथे ठेवूच नये. भिशीचेही तसेच आहे. तिची शिस्त चांगली, परंतु तिच्यामागे कोणताही कागद नसतो. गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, घेतलेले दागिने आपत्काळी तारण म्हणून उपयोगी पडतात, मात्र मोडताना घडणावळ परत मिळत नाही, म्हणून त्यांचा हिशेब निवृत्तीच्या पानावर न मांडता शेवटच्या पानावर मांडावा.

आता शेतीविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या वसाहतीत कोणालाही निवृत्तीचे विचारले, तर ‘गावाकडं ऊस आहे की’ हे उत्तर ठरलेले असते. त्या वाक्यात किती तथ्य आहे, ते सातबारा आणि आठ-अ उतारा समोर ठेवून तपासावे. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली आहे का, बहिणींची नावे लागली आहेत का, आपल्या वाट्याला प्रत्यक्ष किती गुंठे येतात आणि त्याला पाणी कुठून येते, हे चार प्रश्न आधी सोडवावेत. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोड पुढच्या वर्षीच्या हंगामात, म्हणजे सोळा-अठरा महिन्यांनी. कायद्याप्रमाणे एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत मिळायला हवा, तरीही तोवरचे बी, खत, मजुरी आणि पाणीपट्टी आपल्यालाच घालावी लागते. पंचगंगेच्या काठचे रान असेल, तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून उत्पन्नात एक वर्ष शून्य धरावे. याहून अवघड प्रश्न माणसांचा आहे. जो भाऊ पंचवीस वर्षे ते रान कसतो आहे, त्याला आपण नोकरी सोडून परत येणार असल्याचे ठाऊक आहे का? माझ्या भावाला ते नव्हते. त्याच्याशी बोललो तेव्हा समजले, की माझ्या वाट्याच्या तीस गुंठ्यांतून खर्च वजा जाता घरखर्चाचे दोन-तीन महिनेच निघतील. वाईट वाटले; तरी निवृत्तीनंतर गोठ्यात उभे राहून हे समजण्यापेक्षा आज समजले ते बरे झाले.

आरोग्य विम्याचा आणि दुसऱ्या तारखेचा संबंध थेट आहे, म्हणून तो आजच घ्यावा. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतंत्र विमा घेतला, की आधीपासून असलेल्या मधुमेहासारख्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मला बावन्नाव्या वर्षी थांबायचे असेल, तर एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आत विमा हातात असलाच पाहिजे. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, तेवढा दिलासा आहे. अर्जात गोळी चालू असल्याचे लपवू नये. घरात सत्तरीपुढचे आई-वडील असतील, तर त्यांचे आयुष्मान कार्ड काढावे. उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात.

कर्जाबाबत थोडक्यात सांगायचे, तर गृहकर्ज दुसऱ्या तारखेच्या आत संपेल असा हप्ता असावा. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडताना दंड लागत नाही. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी भविष्य निर्वाह निधी मोडण्याऐवजी मुलांच्या नावे शैक्षणिक कर्ज काढावे. या मतावर आमच्या घरी अद्याप एकमत नाही.

वहीचे एक पान थकव्यासाठी राखावे. महिनाभर रोज दोनच नोंदी कराव्यात: किती तास झोप झाली आणि सकाळी कामाला जाताना मन किती मागे ओढत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या अतिताणाने येणाऱ्या थकव्याची जी लक्षणे नोंदवली, ती साधीच आहेत: शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि हातून पूर्वीइतके काम न होणे. भट्टीचा पाळीबदल, ग्राहकाचे ऑडिट, महिनाअखेरचा डिस्पॅच आणि परत आलेल्या मालाचा ढीग यांत ही लक्षणे आपण ‘काम आहे तोवर चालायचंच’ म्हणून खपवतो. नोंदी महिनाभर वाईटच निघाल्या, तर डॉक्टरांकडे जावे; १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. रंकाळ्याला सकाळी फेरी मारणे उत्तम, परंतु रात्रपाळी करून आलेल्या माणसाला फिरण्यापेक्षा झोपेची गरज जास्त असते.

त्याच पानाखाली एक वजाबाकी करावी. माझा हातात येणारा पगार ५८,००० आणि खर्च ४०,०००. म्हणजे ४५,००० च्या, दिवसपाळीच्या कामावर मी गेलो, तरी घर चालते आणि थोडी बचतही उरते. हा आकडा समजल्यामुळे मी झोपायला लागलो असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, परंतु पाळी बदलून मागण्याचे धाडस मला त्यातूनच आले. तपासणीच्या उपकरणांची कागदपत्रे नीट ठेवणे उद्यमनगरातल्या लहान कारखान्यांना जमत नाही. असे एखादे काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आताच करून पाहावे, मात्र त्याआधी नेमणूकपत्रातील अटी वाचाव्यात.

शेवटचे काम कागदांचे. मृत्युपत्रासाठी नोंदणी किंवा मुद्रांक सक्तीचा नाही. दोन साक्षीदारांसमोर केलेली आपली सही आणि त्या दोघांच्या सह्या पुरतात. नामनिर्देशित व्यक्ती पैसा स्वीकारते, परंतु ती मालक होतेच असे नाही, म्हणून दोन्ही कागद हवेत. सर्व कागद एका फायलीत लावून पत्नीबरोबर बसून प्रत्येकाचा अर्थ सांगावा. आम्ही तसे बसलो तेव्हा तिने वही उलटून पहिले पान पाहिले आणि विचारले, ‘माझ्या दोन तारखा कुठं आहेत?’ ती शिवणकाम करते, तिला ना पेन्शन ना ग्रॅच्युइटी. त्यामुळे एक पान वाढले, तिच्या नावे वेगळी दरमहा बचत सुरू झाली आणि मानेच्या दुखण्यामुळे तिची दुसरी तारीख माझ्याही आधीची निघाली. दर एप्रिलमध्ये आम्ही ही वही उघडतो आणि पेन्सिलीच्या दोन्ही तारखा खोडून पुन्हा लिहितो.