आजीच्या शालूला बुरशी लागू नये म्हणून

पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या जुन्या शालूवर पांढुरकी बुरशी धरते. आमच्या पेठेतल्या वाड्याच्या भिंतींना तर आषाढातच ओल येते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी फोफावते.

१. प्लॅस्टिकची पिशवी आधी फेकून द्या. नव्या मलमलीची खळ दोनदा धुऊन घालवा (खळ म्हणजे बुरशीचं जेवणच), कडकडीत वाळवा आणि तिच्यात शालू गुंडाळा.
२. गठ्ठा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.
३. कोरड्या दिवशी घडी मोडून दुसरीकडे घाला. जरीची तार जुन्या घडीवरच तुटते.

बुरशी दिसलीच तर तो शालू वेगळा ठेवा. ओली असताना पुसू नका, धाग्यात आणखी रुतते. सावलीत वाळली की मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झटका. ऊन मात्र दाखवू नका, रेशीम विरतं.