वाईन, व्हिस्की आणि गाणी : बैठकीत चव कुठे हरवते? या चुका टाळा

बाटली चांगली आहे, ग्लास धुऊन-पुसून ठेवलेत, गाण्यांची यादी दोन दिवस खपून केली आहे. तरी तिसऱ्या घोटापासून सगळं सारखंच लागायला लागतं आणि बोल बाटलीला लागतो. जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, कुठल्याही गच्चीवर किंवा मळ्यात हे होतं. खरं तर बाटली क्वचितच खराब असते. आवाज, उकाडा, धूर आणि चकणा यांनी मिळून चव खाल्लेली असते, आणि त्यात चुकीच्या जागी लावलेलं गाणं भर घालतं.

संगीत ग्लासात काही मिसळत नाही. आपण चवीच्या कोणत्या बाजूकडे लक्ष देतो, ते संगीतामुळे बदलतं. ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी यावर अनेक वर्षं काम करत आहेत. त्यांच्या प्रयोगांत लोकांनी उंच पट्टीतले स्वर गोड आणि आंबट चवीशी जोडले, तर खालचे, जाड स्वर कडवटपणाशी. २०१३ साली लंडनच्या सोहो भागात त्यांनी एकच व्हिस्की तीन वेगवेगळ्या खोल्यांत ४४१ जणांना चाखायला दिली. एका खोलीत हिरवळ आणि पक्ष्यांचे आवाज होते, दुसरीत लाल उजेड आणि किणकिणते स्वर, तिसरीत लाकूडकाम आणि लाकूड करकरल्याचे आवाज. पेय तेच असूनही पहिल्या खोलीत ते गवतासारखं जास्त लागलं, दुसरीत गोड आणि तिसरीत लाकडी. फरक साधारण १० ते २० टक्क्यांचा होता. एवढ्याने साधी व्हिस्की महागडी होत नाही, पण चांगल्या व्हिस्कीचा गोडवा बुडवायला किंवा वर आणायला तेवढा फरक पुरतो.

आवाज मोठा ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं आणि सगळ्यात आधी हीच दुरुस्त करायची. मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव कमी जाणवते, कुरकुरीतपणा मात्र जास्त जाणवतो. म्हणजे स्पीकर जोरात असला की केळीचे वेफर्स आणि शेव फार छान लागतात, हात सारखा ताटलीकडे जातो, आणि वाईनमधलं फळ किंवा व्हिस्कीतला मधासारखा गोडवा हरवतो.

शिवाय पिण्याचा वेग वाढतो. फ्रान्समधल्या दोन बारमध्ये झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. संगीत ७२ डेसिबलला असताना लोकांना बिअरचा एक ग्लास संपवायला सरासरी साडेचौदा मिनिटं लागत होती. ८८ डेसिबलला तोच ग्लास साडेअकरा मिनिटांत संपला, आणि माणशी ग्लासही वाढले. चव घ्यायला बसलेल्यांसाठी याहून वाईट काही नाही.

मोबाइलवर आवाज मोजणारं फुकट अ‍ॅप मिळतं. तुम्ही बसता त्या जागी, डोक्याच्या उंचीवर धरून मोजा. ६० ते ६५ डेसिबल पुरे. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलला होतं, त्यामुळे समोरच्याशी बोलताना आवाज चढवावा लागला तर संगीत मोठं आहे, हे अ‍ॅपशिवायही कळतं.

कूलर आणि वाळा विसरणं

खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत कूलरशिवाय बसणं शक्य नाही, हे मान्य. पण लोखंडी कूलरची घरघर हाही आवाजच आहे, आणि ती एकसुरी, सगळ्या पट्ट्या भरून टाकणारी असते. तिच्यावर ऐकू यावं म्हणून गाणं वाढवलं जातं, मग बोलणं वाढतं, आणि अर्ध्या तासात खोलीत कोणालाच नीट ऐकू येत नाही आणि नीट लागतही नाही. त्यात वाळ्याचा पडदा असेल तर वास आणखी एक अडचण करतो. वाळ्याचा ओला मातकट वास कितीही सुखाचा असला तरी पांढऱ्या वाईनचे नाजूक वास त्याच्याखाली दबतात.

उपाय साधा आहे. तासभर आधी कूलर जोरात चालवून खोली गार करून घ्या. चाखण्याची पंधरा-वीस मिनिटं तो बंद ठेवा किंवा दुसऱ्या खोलीच्या दारात सरकवा आणि छताचा पंखा मंद चालू द्या. उदबत्ती, धूप, डासांची अगरबत्ती त्या वेळात नको.

स्पीकर टेबलावर, नाहीतर कोपऱ्यात

टेबलावर ठेवलेला स्पीकर टेबल हलवतो, आणि ग्लासाच्या काठाशी नाक नेलं की तो हादरा जाणवतो. कोपऱ्यात ठेवला तर दोन्ही भिंती खर्ज फुगवतात. आपल्याकडच्या स्लॅबच्या, फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या खोलीत हा खर्ज घुमत राहतो. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, बसणाऱ्यांपासून दोन-तीन मीटरवर आणि कानाच्या उंचीला ठेवा. समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगली किंवा खाली सतरंजी अंथरली तरी घुमणं बरंच कमी होतं.

उलटी चूक म्हणजे मोबाइल स्टीलच्या भांड्यात ठेवून गाणं लावणं. मोबाइलचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खालचे स्वर जवळपास देतच नाही. काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) या स्वराला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची असते. मोबाइलवर तिचा मूळ स्वर गायब होतो, वरचा झणझणाट तेवढा उरतो, आणि भांडं त्याला आणखी धार लावतं. अशा आवाजात आंबट पांढरी वाईन नकोशी आंबट वाटते.

तुरट वाईनला खर्ज, आंबट वाईनला टिपेचे स्वर

तरुण लाल वाईन, विशेषतः काबर्ने सोव्हिन्यॉं किंवा शिराझ, मुळातच तुरट असते. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन जिभेवर कच्च्या सुपारीसारखं चिकटतं. तिच्यासोबत ढोल, बेस, पखवाज असं खालचं, जड वादन लावलं की लक्ष त्याच कडवट-तुरट बाजूला जातं. 'भारदस्त वाईनला भारदस्त संगीत' हे ऐकायला बरं वाटतं. वाईन मुरलेली, मऊ असेल तर ते जमतंही. कच्ची आणि करकरीत असेल तर नाही. तिला मधल्या पट्टीतली लांब बासरी किंवा सारंगी द्या, लय विलंबित ठेवा. मींड असलेलं, एका स्वरातून दुसऱ्यात सरकत जाणारं वादन तुरटपणाचे कंगोरे मऊ करतं. ठेका धरून टोचत जाणारं वादन ते उघडे पाडतं.

पांढऱ्यासाठी हिशेब उलटा. सोव्हिन्यॉं ब्लांक आधीच चुरचुरीत असते. तिच्यावर संतूरचा 'झाला', म्हणजे शेवटचं द्रुत वादन, किंवा छोट्या बासरीचे टिपेचे स्वर आले की ती लिंबासारखी लागू शकते. ज्यांना तेच हवंय त्यांनी जरूर लावावं. आंबटपणा सोसत नसेल तर सरोद लावा आणि लय निम्मी करा. शेजारच्या नाशिकची शेनिन ब्लांक थोडी गोडसर असते, तिला मात्र संतूर शोभतं.

व्हिस्कीत गोडसर, व्हॅनिलासारख्या वासाची असेल तर उंच आणि किणकिणतं वादन, लाकडी आणि मसालेदार असेल तर सरोद किंवा रुद्रवीणा, हा आमचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. सगळ्यांच्या वरचा नियम एकच : ऐकणाऱ्याला न आवडणारं संगीत कुठल्याच पेयाला मदत करत नाही. शास्त्रीय संगीताचा कंटाळा असलेल्या मित्राला तासभर रुद्रवीणा ऐकवली तर त्याला व्हिस्कीही कंटाळवाणीच लागेल.

'रूम टेम्परेचर'ला लाल वाईन

हा शब्द युरोपातल्या जुन्या, गार घरांचा आहे. तिथे खोली १६ ते १८ अंशांची असायची. मे महिन्यात भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असताना घरातली बाटली ३५ अंशांच्या पुढे गेलेली असते. तेवढ्या गरम वाईनमधून आधी अल्कोहोल नाकात चढतं, फळ मागे राहतं, आणि लोक म्हणतात, गाणं जमलं नाही. लाल वाईन फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा. खोलीतली बाटली एवढी तापलेली असेल तर तासाहून बराच जास्त वेळ लागतो. घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं. पांढरी ८ ते १२ अंशांवर द्या. ग्लासात ६० मिलीच ओता, म्हणजे संपेपर्यंत ती तापत नाही.

धुराजवळ बसून धुरकट व्हिस्की

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत ही चूक ठरलेली. बामणोदकडची मोठी हिरवी वांगी तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली जात असतात, आणि त्याच शेकोटीच्या कडेला कोणी पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेल्या सातूची व्हिस्की उघडतो. त्या व्हिस्कीच्या धुरकट वासात ग्वायकोल नावाचा घटक असतो, आणि लाकडाच्या धुरातही तोच असतो. नाक एका वासाला काही मिनिटांत सरावतं आणि तो कळेनासा होतो. मग महागडी धुरकट व्हिस्की नुसती तिखट लागते. जाळ पेटायच्या आधी तिचा पहिला पेग घ्या, किंवा वाऱ्याच्या वरच्या बाजूला तीस-चाळीस पावलं दूर बसा.

भरितातल्या हिरव्या मिरचीचंही तसंच. मिरचीने पोळलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी जळतं, आणि तुरट लाल वाईन त्यात तेल ओतते. काळ्या मसाल्याची शेवभाजी, ठेचा, कळण्याच्या पुऱ्या हे सगळं नंतर. चाखताना चकणा म्हणून बिनमसाल्याचे भाजलेले शेंगदाणे किंवा साधी भाकरी पुरते. पान, गुटखा, बडीशेप यांच्यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या.

बोअरचं पाणी आणि बर्फाचा ढीग

आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त. डाळ शिजायला जे पाणी त्रास देतं ते व्हिस्कीत घालू नका, गाळलेलं मचूळ नसलेलं पाणी वापरा. पाणी मात्र घालाच. व्हिस्कीत पाणी घातल्यावर ग्वायकोलसारखे वासाचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे का येतात, हे स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर मांडून दाखवलं. ४६ टक्क्यांच्या ३० मिली व्हिस्कीत एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घातलं की ती साधारण ३९ टक्क्यांवर येते आणि नाकाला चटका बसत नाही. ग्लासभर बर्फाने जीभ बधिर होते आणि मग संगीताने उचलायला काही उरतच नाही. उन्हाळ्यात गार हवीच असेल तर एक मोठा खडा टाका, चुऱ्याचा बर्फ नको.

आधी सांगून टाकणं

'आता हे गाणं ऐका, वाईन गोड लागेल' असं म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि प्रयोग तिथेच संपतो. उलट संगीत न सांगताच जास्त काम करतं. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटमधला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. फ्रेंच संगीत लावलेल्या दिवशी फ्रेंच वाईन जास्त खपली, जर्मन संगीताच्या दिवशी जर्मन. विचारल्यावर बहुतेक गिऱ्हाइकांनी गाण्याचा परिणाम नाकारला.

घरी करून पाहायचं तर एकच वाईन किंवा व्हिस्की दोन सारख्या ग्लासांत ओता, वाईन ६० आणि व्हिस्की २० मिली. बाटली दाखवू नका आणि दोन्ही एकच आहे हे सांगू नका. पहिलं वादन सुरू करून अर्धा मिनिट जाऊ द्या, मग वास, मग घोट, तोंडात दोन-तीन सेकंद. गोड, आंबट, कडवट, तुरट यांना प्रत्येकाने पाचपैकी गुण कागदावर लिहायचे, बोलायचं नाही. पाण्याची चूळ, दोन मिनिटं शांतता, मग दुसरं वादन आणि दुसरा ग्लास. अर्ध्या लोकांना क्रम उलटा द्या, नाहीतर फरक संगीताचा की दुसऱ्या घोटाचा ते कळणार नाही. यासाठी शब्द नसलेलं वादनच घ्या. अहिराणी गाणं लागलं की सगळे सोबत गाऊ लागतात, आणि गाणारा माणूस चाखत नाही. ती गाणी चाखून झाल्यावर जेवणाच्या वेळी लावा, तिथे ती हवीतच.

गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा, मधेच जाहिरात किंचाळली की मिळवलेली शांतता जाते. भारनियमनाचा भरवसा नाही, स्पीकर पूर्ण चार्ज असू द्या. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, मळ्यातही.

एवढं करूनही जमलं नाही तर

याच क्रमाने तपासा : आवाज, कूलर, ग्लासातलं तापमान, चकणा, पाणी, आणि गाणं सगळ्यात शेवटी. हे सगळं ठीक असूनही वाईन शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागत असेल तर बाटलीचं बूच बघा. ते काचेच्या तोंडाच्या वर आलं असेल किंवा कडेने ओघळ सुकलेला दिसत असेल, तर ती बाटली उन्हाळाभर कपाटात किंवा गाडीच्या डिकीत तापली आहे. कोणतंही वादन तिला वाचवणार नाही. दुसरी उघडा, आणि पुढच्या वर्षी मार्च लागायच्या आत राहिलेल्या बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवा.